मोटारीच्या खिडकीतून रानपिंगळा

शेत नांगरताना तुम्ही हे नक्की पाहिले असेल. ट्रॅक्टर घरघरत पुढे जात असतो आणि फाळाने उलटलेल्या ढेकळांतून किडे-अळ्या वेचत गायबगळे त्याच्या मागोमाग चालत असतात. आवाज, धूर, ते प्रचंड चाक, कशाचीच त्यांना पर्वा नसते. चाकापासून दोन-तीन हातांवर त्यांचे भोजन निवांत चालू असते. मग चालक ट्रॅक्टर थांबवतो आणि पाणी पिण्यासाठी खाली उतरतो. त्याचा पाय जमिनीला लागतो न लागतो तोच जवळचे बगळे दचकून उडतात.

लोखंडाच्या एवढ्या मोठ्या धुडाला न भिणारा पक्षी साध्या माणसाला का भितो? हे कोडे ज्याला उलगडले, त्याला मोटारीतून वन्यप्राण्यांची छायाचित्रे घेण्याची विद्या निम्मी साधली असे समजा.

प्रत्येक वन्यप्राणी संकटापासून विशिष्ट अंतर राखून असतो. ते अंतर आपण ओलांडले की तो पळतो. स्विस प्राणिशास्त्रज्ञ हायनी हेडिगर यांनी या गोष्टीचा बारकाईने अभ्यास केला. आपण तिला ‘पलायन-अंतर’ म्हणू. हे अंतर प्राण्याच्या जातीवर अवलंबून असते, तसेच समोर कोण आहे यावरही असते. दोन पायांवर उभी, वर डोके, बाजूला हलणारे हात अशी आकृती दिसली की तिच्यापासून दूर राहावे, हे प्राण्यांना पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिकारीने शिकवले आहे. आपण मोटारीत बसलो की ही आकृतीच मोडते. उरते ती एक पेटी. ती रस्ता सोडत नाही, कोणावर झडप घालत नाही, आणि रोज येते-जाते. अशा निरुपद्रवी गोष्टीपासून दरवेळी पळत सुटणे प्राण्यांना परवडत नाही. त्यात शक्ती जाते, चरणे राहून जाते. म्हणून त्यांना तिची सवय होते.

मात्र ही सवय शिकलेली असते, जन्मजात नव्हे. ज्या भागात जीपमधून चोरटी शिकार होते, तेथील हरणे जीपचा आवाज ऐकताच दिसेनाशी होतात.

आपल्याकडे ही युक्ती मोटारीपेक्षा जुनी आहे. माळावरचा माळढोक पायी चालणाऱ्या माणसाला जवळ येऊ देत नाही, पण बैलगाडी त्याच्या रोजच्या ओळखीची. तिच्या आडोशाने शिकारी त्याच्याजवळ पोहोचत. संस्थानी काळात पाळीव चित्त्याला गाडीत बसवून काळविटांच्या कळपाजवळ नेत आणि मग सोडत. कोल्हापूर संस्थानात हा खेळ विसाव्या शतकातही चालू होता. काळवीट बैलगाडीला भीत नसे, आणि तिच्यात बसून आलेले काय आहे ते त्याला कळेपर्यंत उशीर झालेला असे. पुढे बैलांची जागा मोटारीने घेतली. १९४७ साली आजच्या छत्तीसगडमधील कोरिया संस्थानाच्या राजाने रात्री मोटारीतून जाताना दिसलेले तीन चित्ते मारले. भारतात चित्ता मारल्याची ती अखेरची खात्रीची नोंद मानली जाते.

तीच युक्ती कॅमेरेवाल्यांनीही उचलली. इंग्लंडमधील रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी १९०० सालच्या सुमारास पेंढा भरलेला एक पोकळ बैल तयार करवून घेतला होता. आत बसून ते पक्ष्यांची छायाचित्रे घेत. एकदा तो बैल आतल्या माणसासकट उलथला आणि चारही पाय वर करून पडला! छायाचित्रकार जेथे लपून बसतो त्या जागेला आपण लपण म्हणतो. कीर्टन बंधूंचा बैल उचलून न्यावा लागे. मोटार म्हणजे चालते लपण.

आता नंदुरबार जिल्ह्यात येऊ. काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीत मी शहाद्याहून तोरणमाळला निघालो होतो. तापीकाठची उसाची आणि केळीची शेते मागे पडली की म्हसावद, राणीपूर करीत रस्ता सातपुड्याला भिडतो. मग घाट. साग, सालई, अंजन, मोह. फेब्रुवारीत सागाची पाने बरीचशी गळलेली असतात, त्यामुळे फांद्यांवर बसलेले पक्षी स्पष्ट दिसतात. सकाळचे नऊ वाजले असतील. एका वळणापुढे उजव्या हाताला, रस्त्यापासून सुमारे वीस मीटरवर, सागाच्या उघड्या शेंड्यावर एक पिंगळा ऊन खात बसला होता. भर उन्हात बसलेला घुबडाच्या कुळातला पक्षी! माझी छाती धडधडू लागली. कारण या डोंगरात असा दिवसाढवळ्या वावरणारा एक पक्षी आहे, आणि त्याचे नाव रानपिंगळा.

मी पटापट चार-पाच छायाचित्रे घेतली. घरी येऊन पाहतो तो सगळी धुरकट. तो पक्षी रानपिंगळा होता की आपल्या गावाबाहेरच्या वडावर राहणारा नेहमीचा पिंगळा, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्या वहीत त्याच्यापुढे ‘पिंगळा, जात अनिश्चित’ असे लिहिलेले आहे. त्या पाच मिनिटांत मी काय काय चुकलो, ते तुम्हाला सांगतो. त्यात बरेचसे भौतिकशास्त्र आहे.

पहिली गोष्ट प्रतिमेच्या आकाराची. लांबच्या वस्तूसाठी एक सोपे सूत्र पुरते: वस्तूच्या उंचीला भिंगाच्या नाभीय अंतराने गुणायचे आणि वस्तूच्या अंतराने भागायचे. पिंगळा सुमारे २३ सेंटिमीटर, म्हणजे २३० मिलिमीटर उंच. अंतर २० मीटर, म्हणजे २०,००० मिलिमीटर. नेहमीचे ५० मिलिमीटरचे भिंग असेल तर प्रतिमा भरते अवघी ०.६ मिलिमीटर. टाचणीच्या टोकाएवढा पक्षी! ४०० मिलिमीटरचे टेलिफोटो भिंग लावले तर ४.६ मिलिमीटर. कॅमेऱ्याची चौकट २४ मिलिमीटर उंच असली, तर पक्षी तिचा जेमतेम पाचवा भाग व्यापतो. फिल्मचा कॅमेरा असो वा संवेदकाचा, हा हिशेब तोच. मोबाईलच्या कॅमेऱ्याचे नाभीय अंतर तर काही मिलिमीटरच असते. पडद्यावर दोन बोटांनी चित्र मोठे केले तरी मूळ प्रतिमेत नसलेला तपशील त्यात येत नाही. म्हणूनच मोटारीचे महत्त्व. अंतर निम्मे केले की प्रतिमा दुप्पट होते, आणि अंतर निम्मे करू देणारे साधन म्हणजे मोटार.

पण माझ्याकडे ४०० चे भिंग होते. मग बिघडले कोठे?

चालकाने जीप थांबवली, पण इंजिन चालूच ठेवले होते. मीही ते बंद करायला सांगितले नाही. भिंग खिडकीच्या कडेला टेकवलेले, आणि जीपची थरथर थेट त्यात उतरत होती. त्यातच पहाटेच्या अंधुक उजेडासाठी शटरचा वेग १/६० सेकंदावर ठेवलेला होता, तो बदलायचे राहून गेले. आता मोजून पाहा. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. एक ठिपका साधारण दोन मिलिमीटरचा धरू. वीस मीटरवरून ४०० मिलिमीटरच्या भिंगाने त्याची प्रतिमा ०.०४ मिलिमीटर होते. शटर उघडे असताना प्रतिमा तेवढीच सरकली की ठिपका पुसला गेला! भिंग किती अंशांनी हलले की असे होईल? सुमारे ०.००६ अंश. अंशाच्या शंभराव्या भागाहूनही कमी. चालू इंजिनाच्या गाडीत याहून कितीतरी अधिक हालचाल होते.

येथे खरी मेख आहे. रानपिंगळ्याची एक मुख्य खूण काय, तर त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. म्हणजे हललेल्या छायाचित्रात साधा पिंगळा हुबेहूब दुर्मिळ रानपिंगळ्यासारखा दिसू शकतो. धुरकट छायाचित्र पुरावा देत नाही एवढेच नव्हे, ते खोटा पुरावा देते. सातपुड्यात याच आकाराचा तिसराही एक भाऊबंद आहे, जंगली पिंगळा. त्याच्या अंगावर बारीक आडवे पट्टे असतात. हललेल्या चित्रात तेही एकमेकांत मिसळून सपाट तपकिरी रंग तयार होतो.

यावर उपाय साधे आहेत. गाडी थांबली की इंजिन बंद. आत बसलेल्यांनीही चुळबूळ करायची नाही. कापडी पिशवीत दोन-अडीच किलो ज्वारी किंवा तांदूळ भरून ती पिशवी अर्ध्या उघड्या खिडकीच्या काचेवर ठेवा आणि तिच्यात भिंग रुतवून बसवा. दाणे भिंगाच्या आकाराप्रमाणे सरकतात आणि थरथर शोषून घेतात. तिकाटणे गाडीत उभे राहत नाही. ही पिशवी त्याहून बरी, शिवाय मुक्कामी तिची खिचडी करता येते. शटरच्या वेगाचा जुना ठोकताळा असा, की नाभीय अंतर जितके मिलिमीटर तितकावा भाग सेकंद, म्हणजे ४०० च्या भिंगाला १/४०० किंवा त्याहून जलद. स्वच्छ उन्हात १/१००० सुद्धा सहज मिळतो.

माझी आणखी एक चूक, खिडकीची काच वर होती. मोटारीची काच वाऱ्यापासून वाचवण्यासाठी केलेली असते, प्रतिमेसाठी नव्हे. ती किंचित वक्र असते, जाडी सगळीकडे तंतोतंत सारखी नसते, आणि तिरके पाहिले तर किरण आणखी वळतात. डोळ्याला हे जाणवत नाही, टेलिफोटो भिंगाला जाणवते. एका छायाचित्रात तर पक्ष्याच्या पोटावर माझ्याच पांढऱ्या सदऱ्याचे प्रतिबिंब आले होते! गडद, मळकट रंगाचे कपडे घाला. त्याने तुम्ही गाडीतल्या काळोखात मिसळूनही जाता.

शेवटी मी समोरून, तापलेल्या बॉनेटवरून भिंग रोखले. उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर पाण्यासारखे काहीतरी हलताना दिसते ना? मृगजळ. गरम हवा विरळ, थंड हवा दाट. दोघींचा अपवर्तनांक वेगळा, म्हणून प्रकाशकिरण वाकतात. बॉनेटवरच्या हवेतही तेच चाललेले असते. म्हणून बाजूच्या खिडकीतूनच चित्र घ्या, तेही सकाळी दहाच्या आत. सूर्य शक्यतो पाठीशी हवा. रोख पक्ष्याच्या डोळ्यावर साधा. ४०० चे भिंग दहा मीटरवर साधले आणि छिद्र ५.६ वर असले, तर स्पष्टतेची खोली सुमारे २० सेंटिमीटरच असते. तेवढ्यात डोळा सापडला की बाकीचे निभावते.

एवढे होऊन मी काय केले? अजून जवळ जावे म्हणून दार उघडले आणि पाय खाली ठेवला. गायबगळ्यांची गोष्ट आठवा. पक्षी दरीत उतरून नाहीसा झाला. मोटार थोडी थोडी पुढे न्यायची असते, तीही सरळ प्राण्याच्या रोखाने नव्हे, तर जणू त्याच्या शेजारून जायचे आहे अशा तिरक्या वाटेने. थांबायचे, त्याला पुन्हा पिसे साफ करू द्यायची, मग हवे तर आणखी दोन हात पुढे. घाटात हे करताना वळणावर गाडी उभी करू नये, हे वेगळे सांगायला नको. आणि तोरणमाळच्या रानात बिबट्या आणि अस्वलही आहे. तेथे दार न उघडण्याला दुसरेही कारण आहे.

एका पिंगळ्यासाठी एवढी हळहळ कशाला, असे तुम्ही म्हणाल. त्याचा इतिहास ऐका. १८७२ साली एफ. आर. ब्लेविट यांनी आजच्या छत्तीसगडमधील बसना भागात या पक्ष्याचा पहिला नमुना मिळवला आणि १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने खानदेशात, शहादे-तळोदे भागात, आणखी काही नमुने गोळा केले. शेवटचा १८८४ चा. जगातील सर्व संग्रहालयांत मिळून जेमतेम सात नमुने, आणि मग शांतता. पक्षी कोणाला दिसेना. सलीम अलींसारख्यांनी शोधूनही सापडला नाही. मधल्या काळात काहींनी तो पाहिल्याचे, त्याचे छायाचित्र मिळाल्याचे सांगितले. तपासाअंती ते नेहमीचे पिंगळे निघाले.

घोटाळ्यात भर घातली रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. आपण १९१४ साली गुजरातमधील मांडवी येथे रानपिंगळा मारला, असे सांगून त्याने एक नमुना आपल्या संग्रहात ठेवला होता. अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि इंग्लंडचे नायजेल कॉलर यांनी त्याची कसून तपासणी केली. क्ष-किरण चित्रे काढली, कातडे कसे शिवले आहे ते पाहिले. निघाले असे, की तो डेव्हिडसनचाच जुना नमुना होता. संग्रहालयातून चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला, आणि वर खोटी चिठ्ठी लावलेली!

एका खोट्या चिठ्ठीने पक्षी नसलेल्या ठिकाणाकडे बोट दाखवले होते. रासमुसेन यांनी ती बाजूला सारली आणि खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरून शोध घ्यायचे ठरवले. बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे दोघे त्यांच्याबरोबर होते. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्यांत, किंग यांना एका उघड्या फांदीवर पिंगळा दिसला. डोक्यावर आणि पाठीवर ठिपके नाहीत, छातीवर रुंद तपकिरी पट्टा, पोटाचा मध्य स्वच्छ पांढरा, पंख आणि शेपटीवर ठळक पांढरे पट्टे, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. ११३ वर्षांनी रानपिंगळा पुन्हा सापडला, आणि तोही डेव्हिडसनच्या चिठ्ठीतल्या गावाजवळ. तेव्हा शहादे धुळे जिल्ह्यात होते. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला.

त्या सकाळी पक्ष्यावर कोणी बंदूक रोखली नाही. चलत्‌चित्र आणि छायाचित्रे घेण्यात आली, आणि जगाची खात्री पटायला ती पुरली. १८८४ मध्ये जे काम कातड्याने केले, ते १९९७ मध्ये भिंगाने केले आणि पक्षी फांदीवरच राहिला. त्यानंतर मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी तोरणमाळच्या रानात त्याचा अभ्यास केला. तो झाडांच्या ढोलीत घरटे करतो, सरडे-पाली, उंदीर आणि किडे खातो, दिवसा शिकार करतो. पुढे तो मेळघाटात, मध्य प्रदेशात, २०१४ साली ठाणे जिल्ह्यातील तानसा अभयारण्यातही आढळला. २०१८ पर्यंत तो अतिसंकटग्रस्त गणला जाई. आता संकटग्रस्त यादीत आहे.

डेव्हिडसनच्या चिठ्ठीची तारीख आणि गाव खरे नसते तर हा शोध लागला असता का? म्हणून छायाचित्राइतकीच वहीही महत्त्वाची. तारीख, वेळ, जवळचे गाव, झाडाचे नाव, पक्षी जमिनीपासून किती उंच, गाडीपासून किती लांब, तो काय करीत होता, हे सारे तेथल्या तेथे लिहा. पिंजऱ्यातल्या प्राण्याचे चित्र असेल तर तसे लिहा. ओळख पटली नसेल तर ‘अनिश्चित’ लिहायला लाजू नका. एकाच बाजूने दहा चित्रे घेण्यापेक्षा डोके, छाती, पाठ, शेपटी अशी वेगवेगळी घ्या, म्हणजे एक खूण हुकली तरी दुसरी साक्ष देते.

घरट्याचे मात्र चित्र घेऊ नका. ढोलीसमोर गाडी उभी राहिली की आई-बाप चारा घेऊन येईनात, आणि पिले उपाशी राहतात. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावणे हाही त्रासच. आपल्या हद्दीत कोणी परका घुसला असे समजून तो खाणेपिणे सोडून भांडायला येतो. रात्री दिव्यांच्या झोतात प्राण्यामागे गाडी घालणे म्हणजे कोरियाच्या राजाचा उद्योग, फक्त बंदुकीविना. घरट्याची नेमकी जागा सगळ्यांना सांगत सुटू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात छायाचित्रणाला परवानगी लागते, आणि राखीव जंगलातही वनखात्याला विचारूनच जावे.

तुमच्याकडे मोटार नाही, कॅमेरा नाही? तरी पलायन-अंतर मोजता येते. रस्त्याकडेच्या तारेवर बसणारा नीलकंठ किंवा कोतवाल निवडा, किंवा शेतातले गायबगळे. एका दिवशी त्यांच्याकडे पायी जा आणि पक्षी उडाला त्या क्षणी आपण होतो तेथून तो बसला होता तेथपर्यंतची पावले मोजा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी सायकलवरून जा, तिसऱ्या दिवशी बैलगाडीत बसून. तारेवरच्या पक्ष्यासाठी तारेखालच्या जागेपर्यंतचे अंतर धरा. प्रत्येक प्रकारे निदान दहा वेळा मोजून सरासरी काढा. एकाच पक्ष्याला दिवसभर पुन्हा पुन्हा उडवू नका, नाहीतर तो तुम्हालाच ओळखू लागेल आणि आकडे चुकतील. शाळेच्या वाटेवरचे पक्षी आणि दूरच्या माळावरचे पक्षी यांची मोजमापे शेजारी शेजारी मांडून पाहा.